डांबर टाकण्याआधी आमच्या गल्लीतलं चेंबर उघडून बघा

सोलापूरच्या सर्व नगरसेवक आणि नगरसेविकांना,

स. न. वि. वि.

मी पूर्व भागात राहते. घराच्या खालच्या खोलीत शिलाईच्या सहा मशिनी आहेत. शाळेचे गणवेश शिवून देण्याचं काम करते. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर होते. सोलापुरात गल्लीगल्लीत जे तीन धंदे चालतात, ते तिन्ही आमच्या एका घरात झाले. हे आधीच सांगते, कारण पुढे कचऱ्याबद्दल लिहिणार आहे आणि तो कचरा कुठून येतो हे मला ऐकीव माहीत नाही.

आधीच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकांचा कारभार होता. रस्त्याचं काही विचारायचं तर कुणाला विचारायचं, हेच कळत नव्हतं. जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं आणि आता 102 जागांवर माणसं आहेत, ज्यांना आम्ही नावानं ओळखतो, ज्यांच्या दारात जाऊ शकतो. म्हणून हे पत्र.

रस्त्यांना किती पैसे आणि कचऱ्याला किती, हा हिशेब तुमच्यापुढे आहे. आमच्याकडे प्रचाराला आलेल्या जवळपास प्रत्येकानं रस्ता देतो म्हटलं. घंटागाडी वेळेवर आणतो असं फार थोड्यांनी म्हटलं आणि गटाराचं नाव तर कुणीच काढलं नाही. रस्ता दिसतो, त्याच्या उद्घाटनाला फलक लावता येतो, हे मी समजू शकते. पण या दोन गोष्टी वेगळ्या धरून तुम्ही पैसे वाटलेत तर दोन्हीकडचे पैसे पाण्यात जातील. मी 'पाण्यात' म्हणते ते शब्दशः. कसं ते सांगते.

मागच्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यामुळे आमच्यासाठी मे म्हणजे वर्षाचा सगळ्यात घाईचा महिना. एका ऑर्डरचे चारशे गणवेश कटिंगला होते. कापडाचे तागे भिंतीला लावून ठेवलेले. रात्री दहाच्या सुमाराला पाऊस सुरू झाला आणि साडेअकराला उंबऱ्यावरून पाणी आत यायला लागलं. मी, मुलगा आणि शेजारच्या अक्का, तिघांनी मिळून तागे उचलून मशिनींवर चढवले. खालचे दोन तागे भिजले ते भिजलेच. गटाराचं पाणी लागलेलं कापड धुतलं तरी शाळेच्या लेकरांच्या अंगावर घालवत नाही.

सकाळी चेंबर उघडायला दोघे कामगार आले. एकाच्या हातात लोखंडी आकडा, दुसऱ्याकडे बांबूच्या लांब पट्ट्या. हातमोजे एकाच्याच हातात होते आणि तेही एका बोटाला फाटलेले. झाकण सरकवून त्यानं आकडा आत घातला आणि ओढला. आधी काळं पाणी उसळलं. मग पातळ पिशव्यांचा एक मोठा गोळा आला. मग तेंदूपानांची कात्रणं, कुजून चिखलासारखी झालेली. आणि मग एक दोर निघायला लागला. तो ओढत राहिला, दोर येत राहिला. मी जवळ जाऊन बघितलं तर तो दोर नव्हता. कापडाच्या चिंध्या एकमेकींत पिळ्या पडून दोरासारख्या झाल्या होत्या. निळ्या, खाकी आणि मध्येच लाल-पांढऱ्या चौकटीच्या.

चौकटीचं कापड मी लगेच ओळखलं. दोन महिन्यांपूर्वी मीच ते कापलं होतं.

त्या माणसाला मी काही बोलले नाही. चहा करून दिला. त्यानं हात धुवायला पाणी मागितलं, मी बादली दिली, आणि तो कोपरापर्यंत हात चोळून धूत असताना मला वर बघवेना. 2013 चा कायदा माणसाला हातानं मैला काढायला लावू नका, संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवू नका असं सांगतो. तो माणूस आत उतरला नव्हता हे खरं. पण माझ्या कात्रीतून पडलेलं कापड त्याच्या उघड्या हातांनी निघालं, हेही तितकंच खरं आहे.

आता माझं पोतं गटारात गेलं कसं? सहा मशिनींच्या कामातून रोज अर्धं पोतं चिंध्या निघतात. सुती कापड असेल तर यंत्र पुसायला म्हणून भंगारवाला घेतो. गणवेशाचं टेरिकॉट तेल शोषत नाही, म्हणून ते कुणी घेत नाही. घंटागाडीवाला म्हणायचा, हा घरचा कचरा नाही, हा कारखान्याचा, मी घेतला तर पुढच्या चार गल्ल्यांना जागा उरणार नाही. त्याचंही खोटं नव्हतं, गाडी खरंच तेवढीच आहे. मग पोतं जायचं कोपऱ्यावर. कुत्री फाडायची, गायी ओढायच्या आणि वळवाच्या पहिल्या पावसात सगळं गटाराकडे वाहत जायचं. माझ्यासारखे लहान लहान कारखाने पूर्व भागात किती आहेत हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. प्रत्येकाचं अर्धं पोतं धरा.

2016 च्या घनकचरा नियमांत दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकलेली होती. मोठी हॉटेलं, मंगल कार्यालयं, सोसायट्या त्यात येतात. आम्ही त्या मापात बसत नाही आणि घराच्या मापातही बसत नाही. सोलापूरचा निम्मा धंदा असाच घरात चालतो. दुसऱ्या शहराचा आराखडा आणून इथे लावला की आमच्यासारखे त्यातून गळून पडतात, आणि गळून पडलेलं सगळं शेवटी चेंबरमध्ये सापडतं.

आता रस्त्याचं सांगते.

त्या पावसाच्या काही महिने आधीच आमच्या गल्लीत नवीन डांबर पडलं होतं. काळंभोर, गुळगुळीत. पोरं संध्याकाळी त्यावर क्रिकेट खेळायची. मे महिन्यात पाणी तुंबलं ते त्याच रस्त्यावर दोन दिवस उभं होतं. मग जूनमध्ये पुन्हा, सप्टेंबरमध्ये पुन्हा. दिवाळीपर्यंत चेंबरच्या भोवती खडी सुटली आणि आता तिथे हात घातला तर मनगटापर्यंत जाईल एवढा खड्डा आहे. सगळ्यांनी ठेकेदाराला शिव्या दिल्या. ठेकेदारानं काम चोख केलं होतं असं मी म्हणणार नाही, मला ते कळतही नाही. पण माझ्या मामाचा मुलगा रस्त्याच्या कामावर मुकादम आहे, त्यानं येऊन बघितलं आणि जे सांगितलं ते मला पटलं.

तो म्हणाला, ताई, डांबराचा खरा वैरी गाड्या नव्हेत, पाणी. खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरलं की डांबर खडीला धरून राहत नाही. वरून चाक दाबतं, पाणी आत ढकललं जातं, पुन्हा वर येतं, आणि एकेक खडी सुटत जाते. त्यात सोलापूरची काळी माती. पाणी पिऊन फुगते, एप्रिल-मेच्या उन्हात आक्रसून भेगाळते. तिच्यावर मुरमाचा आणि खडीचा नीट थर नसेल तर वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी ते मातीबरोबर खालीवर होणारच. म्हणून रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता करतात, पाणी कडेला जावं म्हणून. पण कडेला गटारच तुंबलेलं असेल तर ते जाणार कुठे? आणि दर वेळी जुन्या डांबरावर नवीन थर टाकत गेल्यामुळे आमच्या गल्लीत रस्ता उंबऱ्याच्या वर गेलाय. पूर्वी घराला दोन पायऱ्या होत्या, आता एकही नाही.

म्हणजे बघा, माझी चिंधी चेंबरमध्ये, चेंबरचं पाणी रस्त्यावर, रस्त्याची खडी सुटलेली. आणि गोष्ट इथे थांबत नाही. रस्ता खराब झाल्यावर घंटागाडी गल्लीत शिरायची बंद झाली. चालक म्हणतो चाक अडकतं, मागचा भाग घासतो. तो कोपऱ्यावर उभा राहून गाणं वाजवतो आणि निघून जातो. म्हातारी माणसं बादली घेऊन कोपऱ्यापर्यंत जात नाहीत. मग कचरा पुन्हा गटाराच्या कडेला. हे चक्र एका जागी तोडून चालत नाही. नुसता रस्ता केला तर गटार त्याला खाईल आणि नुसती गाडी वाढवली तर खड्डा तिला आत येऊ देणार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात बंधनकारक कामांची यादी 63 व्या कलमात आहे. झाडलोट, कचरा, गटारं आणि रस्ते ही सगळी त्या एकाच कलमात आहेत. कायदा करणाऱ्यांना 1949 साली जे एकत्र दिसलं, ते तुमच्या अंदाजपत्रकाच्या वेगवेगळ्या पानांवर विखरून जाऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

खोदाईबद्दल लिहिताना माझा राग आवरत नाही, त्याबद्दल आधीच माफ करा.

माझ्याकडे काम करणारी एक मुलगी संध्याकाळी स्कूटीवरून घरी जात होती. रस्त्याला आडवी चर खोदलेली, वरवर मुरूम टाकून बुजवलेली, दोन दिवसांत मुरूम खाली बसलेला. दिवा नाही, पाटी नाही. चाक चरीत गेलं, ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. शिलाई करणाऱ्या माणसाचं उजवं मनगट म्हणजे त्याचं पोट. तीन महिने ती घरी बसली. ती चर पाण्याच्या नळासाठी होती, केबलसाठी होती की आणखी कशासाठी, हे गल्लीत आजही कुणाला सांगता येत नाही. चर खोदणाऱ्याचं नावच कुठे नसतं. खोदायला चार माणसं येतात, बुजवायला एक, आणि बघायला कुणीच येत नाही.

आणि अजून खोदावं लागणारच आहे, तेही मला कळतं. उजनीहून शंभरावर किलोमीटर पाणी आणायचं आणि तरीही आमच्या नळाला ते चार-चार, पाच-पाच दिवसांनी यायचं, हे कायम चालू द्यायचं नसेल तर गल्लीतल्या जुन्या नळ्या बदलाव्या लागतील. त्या बदलाच. पण मग आधी त्या बदला. आधी पाण्याची नळी, मग ड्रेनेज, मग कडेचं गटार, मग ज्यांना ज्यांना केबल टाकायची आहे त्यांची केबल, आणि सगळ्यात शेवटी डांबर. आमच्या धंद्यात काजं आणि बटणं सगळ्यात शेवटी लावतात. आधी बटणं लावून मग बाही उसवायची, असं कुणी शिकाऊ मुलगीसुद्धा करत नाही.

म्हणून माझं पहिलं मागणं तुम्हाला विचित्र वाटेल. ज्या गल्लीत नळ्या आणि ड्रेनेजचं काम बाकी आहे, तिथे या वर्षी रस्ता करू नका. आमच्याही गल्लीत करू नका. शेजारणी माझ्यावर रागावतील, पण मी त्यांना समजावीन. खड्डे मुरूम-खडीनं नीट भरा, चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आणा, आणि आणखी एक वर्ष आम्हाला तसंच राहू द्या. त्या वर्षात खालचं काम पुरं करा. कुजलेल्या नळीवर अंथरलेला रस्ता मला नको आहे. मतदारांना ही गोष्ट सांगायला धैर्य लागतं हे मान्य. ते दाखवलंत तर आम्ही बायका तुमच्या बाजूनं बोलू.

आणि रस्ता कराल तेव्हा शेवटचं बिल काढण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अभियंत्यानं आणि त्या प्रभागाच्या सगळ्या सदस्यांनी रस्त्यावरून चालत जावं. पाणी उभं दिसलं तर उतार चुकला, विषय संपला. त्याला कुठल्या प्रयोगशाळेची गरज नाही. ठेकेदारावर ठरावीक काळापर्यंत दुरुस्तीची जबाबदारी असते, ती तारीख गल्लीच्या तोंडाशी पाटीवर लिहा. खर्च लिहा, ठेकेदाराचं नाव लिहा, तक्रारीचा नंबर लिहा. चर खोदणाऱ्यालाही तीच पाटी लागू करा.

तुम्ही म्हणाल, एवढं वेळापत्रक पाळणं आपल्याकडे शक्य नाही. शक्य आहे. आपण दर वर्षी ते पाळतो. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. नंदीध्वजाची एवढी उंच काठी पेलणारा माणूस पायाखाली बघू शकत नाही, त्याची नजर वर असते. म्हणून जानेवारी जवळ आला की त्या मार्गावरचे खड्डे भरले जातात, लोंबणाऱ्या तारा वर घेतल्या जातात, मार्ग झाडून काढला जातो. मकर संक्रांत पुढे ढकलता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तारीख ठरलेली, मार्ग ठरलेला, आणि चुकलं तर काय होईल हे डोळ्यांसमोर. आमच्या गल्लीचीही अशी एक तारीख ठरवा. समजा, 31 मेच्या आत प्रत्येक प्रभागातलं प्रत्येक चेंबर उघडून साफ झालेलं असेल. मागच्या वर्षी पाऊस मेमध्येच आला हे लक्षात घेतलं तर मी 15 मे म्हणेन.

आपलं ग्रामदैवतच पाण्याचा विचार करणारं आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी माणसं गोळा करून तळं खोदलं. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे जातं, हे ज्यानं आधी ओळखलं त्याचं आपण नाव घेतो. लहानपणी वडील मला मंदिरात नेत, तेव्हा पुलावर उभे राहून आधी तळ्याकडे हात जोडायचे आणि मग पुढे जायचे. मला तेव्हा ते कळायचं नाही.

आता घंटागाडीबद्दल, कारण यातलं बरंचसं एका पैशाचाही खर्च न करता सुधारेल.

आमच्या भागात गाडी साडेआठ-नऊला येते. त्याच वेळेला विडी कामगार बायका टोपल्या घेऊन कारखान्यात निघालेल्या असतात. कालच्या विड्या द्यायच्या, नवीन पानं आणि तंबाखू आणायची. उशीर झाला तर रांग लागते. त्यांच्या घराला कुलूप असतं. जे यंत्रमागावर रात्रपाळी करून आले ते गाढ झोपलेले असतात. आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी तर गाडी आली काय आणि गेली काय, सगळी गल्ली घागरी, पिंपं, पाइप यात गुंतलेली. पाच दिवसांतून एकदा येणारं पाणी सोडून कचऱ्याची बादली घेऊन कोण धावेल? मग लोक म्हणतात, या भागातल्या लोकांना शिस्त नाही. आमच्या बायका पहाटे चारला उठून विड्या वळतात. शिस्त त्यांच्याकडून शिकावी. गाडीची वेळ कुणीतरी कार्यालयात बसून ठरवली आहे, आणि ती आमच्या दिवसाला जुळत नाही, एवढाच प्रश्न आहे.

वेळ बदला. पूर्व भागात सकाळी सातच्या आत एक फेरी, किंवा संध्याकाळी सहानंतर एक. पाण्याच्या दिवशी संध्याकाळचीच. पाणी सोडण्याचं वेळापत्रक तुमच्याच हातात असतं, गाडीचंही तुमच्याच हातात, फक्त ते दोन कागद शेजारी ठेवून कुणी बघत नाही. जुळे सोलापूरला वेगळी वेळ लागेल, तिथे नवरा-बायको दोघं नोकरीला जातात. 1992 च्या हद्दवाढीनंतर शहराचं क्षेत्रफळ 178 चौरस किलोमीटरच्या वर गेलं. शेळगी, बाळे, देगाव, कुमठे, मजरेवाडी अशा एकेकाळच्या गावांपासून साखर पेठेतल्या बोळापर्यंत सगळ्यांना एकच गाडी आणि एकच वेळ कशी चालेल? ज्या बोळात चारचाकी जात नाही तिथे ढकलगाडी द्या. हद्दवाढ भागात घरं लांब लांब आहेत, तिथे गाडीला जास्त फिरावं लागणार, ते डिझेल हिशेबात धरा.

आमच्या बचत गटानं एकदा कोपऱ्यावरची ती जागा साफ केली. धुतली, रांगोळी काढली, तुळशीच्या दोन कुंड्या ठेवल्या. अकरा दिवस टिकलं. बाराव्या दिवशी एका कुंडीत कुणीतरी शिळ्या भाताची पिशवी ठेवली होती, नीट गाठ मारून. मला त्या गाठीचं वाईट वाटलं. ज्यानं ठेवली त्याला घाण करायची नव्हती, त्याला दुसरी जागाच माहीत नव्हती. कचराकुंडी उचलून नेली म्हणजे शहर कुंडीमुक्त झालं असं धरू नका. गाडी महिनाभर न चुकता आली की मग कुंडी उचला, आधी नाही.

ओला-सुका वेगळा करा हे 2016 च्या नियमांपासून आम्ही ऐकतोय, आणि 2026 च्या नव्या नियमांत तर चार भाग करायचे आहेत, सॅनिटरी कचरा आणि औषधं-बल्ब वगैरे वेगळे. आम्ही करू. बायकांना वर्गवारी शिकवावी लागत नाही, तेंदूपानात चांगलं-वाईट वेगळं करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. पण वेगळा करून दिलेला कचरा गाडीत एकाच कप्प्यात पडताना दिसला की दुसऱ्या दिवसापासून कुणी कष्ट घेत नाही. तुळजापूर रस्त्यावरच्या डेपोत कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज करण्याची सोय आपल्या शहरात आहे. त्या यंत्राला ओला कचरा निर्मळ लागतो, चिंध्या आणि पिशव्या मिसळलेला नाही. माझी चिंधी तिथे जाऊनही घोळच घालते.

सुक्या कचऱ्यातल्या पिशव्यांचं तर रस्त्यातच काम आहे. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ पातळ प्लास्टिक बारीक करून तापलेल्या खडीवर बसवायची पद्धत काढली. वर मग डांबर. खडीवर प्लास्टिकचा पापुद्रा बसला की पाणी आत शिरायला जागा राहत नाही. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2015 पासून केंद्रानं मोठ्या शहरांजवळच्या डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लास्टिक वापरायला सांगितलेलं आहे. आपल्याच राज्यात वेंगुर्ल्यासारख्या छोट्या गावानं कचरा वेगळा करून ते केलं. पण चिखलानं माखलेली, भात चिकटलेली पिशवी तिथे चालत नाही. ती घरातच वेगळी आणि कोरडी निघावी लागते. म्हणजे चांगल्या रस्त्याचं थोडं सामान आमच्या स्वयंपाकघरातून यायचं आहे, आणि ते आणणारी गाडी वेळेवर हवी.

पैशाचं मी एवढंच म्हणेन. मी घरपट्टी भरते, आणि चिंध्यांसाठी वेगळे पैसे द्यायलाही तयार आहे. आठवड्यातून दोनदा फक्त कापडाच्या चिंध्या आणि यंत्रमागाचं टाकाऊ सूत नेणारी एक गाडी पूर्व भागात फिरवा. पोत्याप्रमाणे दर ठरवा. आमच्या गल्लीतल्या नऊ कारखान्यांशी मी बोलले आहे, सात जण तयार आहेत, उरलेल्या दोघांना सातांचं बघून यावं लागेल. एका जागी एवढ्या चिंध्या जमल्या तर घेणारा कुणीतरी निघेल, गादीत भरायला, दोरी वळायला, जाळून वाफ करणाऱ्या बॉयलरला. अर्ध्या पोत्याला कुणी विचारत नाही, ट्रकभर मालाला विचारतो. ही गाडी सुरू झाल्यावरही कुणी चिंधी गटारात टाकली तर खुशाल दंड करा, पहिला माझ्यापासून.

आणि त्या दोघा कामगारांसाठी हातमोजे. चांगले, कोपरापर्यंतचे, वर्षातून एकदा नव्हे तर फाटले की मिळणारे. चेंबर साफ करायची यंत्राची गाडी अरुंद गल्लीत येऊ शकत नाही असं सांगतात. लांब नळीची येऊ शकते का ते बघा. हे या पत्रात शेवटी आलंय, पण तुमच्या यादीत पहिलं घ्या.

एक विनंती आहे. आमच्याकडे पाणी येईल त्या दिवशी सकाळी साडेआठला आमच्या गल्लीत या. फलक नको, हार नको, गाडी कोपऱ्यावरच ठेवा, तशीही आत येणार नाही. अर्धा तास उभं राहून बघा. बायका टोपल्या घेऊन निघतील, नळाखाली घागरी लागतील, कोपऱ्यावर घंटागाडी वाजेल आणि निघून जाईल. मग चेंबरचं झाकण उघडायला सांगा. मे महिन्यानंतर ते उघडलेलं नाही. आत बहुतेक पुन्हा माझं कापड असेल. यंदा हिरव्या चौकटीचं.

कळावे,
आपली नम्र,
पूर्व भागातली एक शिलाई कारागीर